फिलिप मास्तरांच्या गिटारीची वायर

माझ्या दुकानात कुणी माईकची वायर घ्यायला आलं की मी आधी विचारतो, "सोबत कुणी आणलंय का?"

गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. मागं एक जण वैतागून म्हणाला, "वायर घ्यायला आलोय, मुलगी बघायला नाही." मी म्हटलं, मुलगी एकट्यानं बघता येईल हो, वायर नाही येत.

हा माझा विक्षिप्तपणा म्हणून धाराशिवात प्रसिद्ध आहे. पण त्यात विक्षिप्त काही नाही. ज्या वायरीतून आवाज न्यायचा असतो ती आतून तुटली आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. वरचं रबर शाबूत, रंग झकास, आणि आत तांब्याचे केस एकेक करून तुटलेले. ते शोधायची एकच खात्रीची रीत मला माहीत आहे. एकानं लांबच्या टोकाला बसून वाजवत नाहीतर बोलत राहायचं, दुसऱ्यानं वायर वीत-वीत हातात घेऊन वाकवत पुढं सरकायचं. तुटलेल्या जागी बोट पोचलं की कर्ण्यातून खरखर येते. म्हणजे माणसं दोन लागतात. गंमत अशी की ही रीत मी ज्या धंद्यात शिकलो, त्यात माझ्याजवळ दुसरं माणूसच नव्हतं.

निजामाच्या राज्यात, जर्मन-जपानची लढाई संपली त्या सुमारास, मी शिवप्पा अण्णांच्या फिरत्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. अण्णा उमरग्याकडचे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, रागावले की कानडीत आणि खूश झाले की मराठीत बोलायचे. त्यामुळं मला कानडी चांगलं येतं. टॉकीज म्हणजे एक भलामोठा तंबू, एक तेलाचं इंजिन, एक पिक्चरचं मशीन आणि बायकांच्या बाजूला लावायची एक कनात. बेंबळीचा बाजार झाला की येडशी, येडशीहून धाराशिव, मग परंडा, असं आमचं बिऱ्हाड फिरायचं.

मशीन पत्र्याच्या खोलीत असायचं. तेव्हाची फिल्म काडी ओढल्यासारखी पेट घ्यायची, म्हणून सगळीकडं पत्राच ठोकत. आग लागलीच तर ऑपरेटरसकट आतल्या आत विझावी आणि तंबू वाचावा, इतका सोयीचा विचार त्यात होता. ही खोली तंबूच्या शेवटी. समोर एवढंसं भोक, त्यातून उजेड बाहेर जायचा आणि मला लोकांच्या पाठी दिसायच्या. अख्ख्या तालुक्यातली माणसं मी पाठीवरून ओळखत होतो. कुणाचं मुंडासं कसं, कुणाची मान हसताना कशी हलते, सगळं पाठ. तोच माणूस बाजारात समोरून आला, की मला ओळखू यायचा नाही. त्यालाही मी ओळखू यायचो नाही. मला सगळे 'ऑपरेटर' म्हणत. अण्णा म्हणत, इंजिनवाला म्हणे, स्वैपाकी म्हणे. माझं नाव दत्तात्रय आहे, हे बेंबळीतल्या माझ्या घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

आता आमची मुख्य अडचण. मशीन एकच होतं. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत पडदा पांढरा, बत्त्या चालू, आणि पब्लिक मोकळं. नायिका नदीत उडी घ्यायला काठावर उभी आणि रीळ संपलं. मग जो गलका व्हायचा, त्यात मला उद्देशून जे बोललं जायचं, ते दिवाळीच्या अंकात छापता यायचं नाही. अण्णांनी त्या मोकळ्या वेळेत एकदा सनईवाला बसवून पाहिला, एकदा जादूगार. जादूगारानं इंजिनवाल्याचंच घड्याळ गायब केलं आणि स्वतःही गायब झाला.

मग एकदा हैदराबादेहून पिक्चरच्या पेट्या आणताना अण्णा एका माणसालाही घेऊन आले. उंच, काटकुळा, अंगात विटका कोट, हातात लांबट काळी पेटी. येडशी स्टेशनावर मी पेट्या उतरवून घ्यायला गेलो होतो. तो माणूस माझ्यापुढं आला, हात पुढं केला आणि म्हणाला, "मैं फिलिप. तुम्हारा नाम क्या है, भाई?"

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

फिलिप मास्तर सिकंदराबादच्या छावणीत राहिलेले. लढाईच्या काळात गोऱ्या अंमलदारांच्या क्लबात बँडमध्ये वाजवायचे. लढाई संपली, गोरे गेले, बँड मोडला. जाता जाता एका सोल्जरनं आपली विजेची गिटार त्यांना विकली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून घसरवली की सूर असा वाहत जायचा, जसं कुणी रडता रडता थांबून हसावं. बेंबळीत एका म्हाताऱ्यानं ती गिटार ठोकून पाहिली होती. आत भरीव लाकूड. तो म्हणाला, "मास्तर, ह्यात पोकळी न्हाय. आवाज राहतो कुठं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आवाज तिच्यात राहतच नाही. तारांखाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार हलली की गुंडाळीत वीज हलते, मुंगीच्या पावलाएवढी. ते मुंगीचं पाऊल वायरीतून पिक्चरचा आवाज मोठा करणाऱ्या मशीनपर्यंत न्यायचं आणि मशीननं त्याचा हत्ती करायचा. पण मशीनला अक्कल नसते. वायरीनं वाटेत जे जे गोळा केलं असेल, त्या सगळ्याचा ते हत्ती करतं. म्हणून गिटारीपेक्षा गिटारीची वायर महत्त्वाची. मास्तर म्हणायचे, गिटार ही नवरी आणि वायर ही तिच्याबरोबर आलेली पाठराखीण; नवरी कितीही गुणाची असो, पाठराखीण भांडखोर निघाली की लग्नात रंग भरत नाही.

मास्तरांजवळ सोल्जरनं दिलेली मूळ वायर होती. उत्तम, पण आखूड. ती माझ्या पत्र्याच्या खोलीतल्या मशीनपासून दारापर्यंत जेमतेम पोचायची. म्हणून मास्तर खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे, आणि रीळ संपलं की वाजवायचे. पहिल्या दिवशी सूर निघाला आणि सगळा तंबू गर्रकन मागं वळला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला पब्लिकची तोंडं दिसली. मी इतका दचकलो की रीळ उलटं चढवलं.

ते महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. रीळ चालू असताना मास्तर माझ्याशी हलक्या आवाजात बोलत बसायचे. त्यांची एक बहीण मद्रासला होती, तिचं उत्तर येत नव्हतं. बाकी कुणी नाही. मी त्यांना गुळाचा चहा करून द्यायचो, ते मला इंग्रजी महिन्यांची नावं शिकवायचे. दिवसा आम्ही सगळ्या वायरी तपासायचो. ते तार छेडत राहायचे, मी वायर वाकवत जायचो. खरखर आली की दोघंही एकदम "हां!" म्हणायचो. एवढाच आमचा खेळ. पण ज्यानं वर्षानुवर्षं पाठींशी संसार केलाय, त्याला एवढंही पुष्कळ होतं.

हे मोडलं बायकांच्या तक्रारीनं. त्यांची बाजू कनातीपलीकडं. पुरुष मागं वळून मास्तरांना बघायचे, बायकांना कनातच दिसायची. परंड्यात एका सावकाराच्या बायकोनं अण्णांना निरोप धाडला की पैसे आम्हीही देतो, मग वाजवणारा आम्हाला का दिसू नये. शिवाय पुरुषांच्याही माना अवघडायला लागल्या होत्या.

अण्णा खोलीपाशी आले. "मास्तर, फुडं बसायचं. पडद्याखाली. समद्यांस्नी दिसलं पायजे."

मी म्हटलं, "अण्णा, वायर पुरत नाही."

"मग लांब आण."

"लांब वायर आवाज खाते, अण्णा. जितकी लांब तितका सूर मळतो. आणि कचराही गोळा करते."

अण्णांनी माझ्याकडं आणि मास्तरांकडं पाळीपाळीनं पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "हितं बसून तुला एकट्याला करमणूक होती व्हय? मी त्यांना पब्लिकसाठी आणलंय, ऑपरेटर. फुडून जमलं तर ऱ्हावं. न्हाय जमलं तर कुर्डुवाडीच्या मोटारीत बसवून देतो. परंड्याचा मुक्काम संपायच्या आत काय ते बघा."

मास्तरांनी कोटाची बटणं लावली, जणू मोटार दारातच उभी आहे. म्हणाले, "जाने को कहाँ है, दत्तूभाई?"

मग सुरू झाला वायरींचा तमाशा. पहिल्यांदा आम्ही बत्तीची साधी जोडवायर ओढली. तंबूभर अशी घुंई सुटली की पब्लिकला वाटलं मधमाश्या उठल्या. दोघं-तिघं खरोखरच घोंगड्या पांघरून पळाले. शिवाय इंजिनाची प्रत्येक ठिणगी त्यात फटफटत होती. नंतर आमच्या जुन्या माईकची वायर जोडून पाहिली. मास्तरांनी पाय हलवला की खरखर, नाही हलवला की आवाजच गायब. तिसरी वायर अण्णांनी स्वतः निवडली. लालभडक, रेशमी वेष्टणाची, अंगठ्याएवढी जाड. त्यांचं म्हणणं, जाड दोरखंडाला जसं जास्त वजन, तसा जाड वायरीला जास्त आवाज. ती इस्त्रीची वायर होती. तिच्यातून गिटार ऐकू आली, पण सोबत धाराशिव जिल्ह्यात जेवढी म्हणून वीज होती, तेवढी सगळी गुणगुणत आली.

आता जरा शहाणपणाचं सांगतो. चांगली वायर रंगावर जाऊन घेऊ नये. आत एकच तार हवी आणि तिच्याभोवती तांब्याची विणलेली जाळी हवी. आवाज आतून जातो, जाळी बाहेरचा कचरा अंगावर घेते आणि परस्पर जमिनीत सोडून देते. जाळी दाट आहे का बघावं. विरळ जाळी म्हणजे भोकं पडलेली मच्छरदाणी. वायर हातात घेऊन सोडली तर ती मऊ पडली पाहिजे, काठीसारखी ताठ राहिली तर आतून तुटणार. दोन्ही टोकांना, प्लगपाशी, सगळ्यात आधी मोडते, तिथं कथील वितळवून नीट डाग दिलेला असावा. आणि जेवढी हवी तेवढीच लांब घ्यावी, वीतभरही जास्त नाही.

अशी वायर निजामाच्या मुलखात मिळेना. सोलापूरच्या बाजारात लष्कराचा मोडीत काढलेला माल आलाय असं कळलं. मी कुर्डुवाडीची मोटार पकडली, तिथून रेल्वेनं सोलापूर. जुन्या बुटांच्या आणि गंजलेल्या पेट्रोमॅक्सच्या ढिगाखाली मला ती सापडली. काळी, बारीक, दिसायला अगदी दरिद्री. सोलून पाहिली तर आत जाळी अशी विणलेली, की एखाद्या सोनारानं बघत राहावं. तपासायला दुसरं माणूस नव्हतं. मी दुकानदाराला म्हटलं, तुम्ही त्या टोकाला बसा. तो म्हणाला, बसून काय करू? तिथं मशीनही नव्हतं, गिटारही नव्हती. नुसती बोटं फिरवून मी ती घेतली.

परतीच्या वाटेवर करोडगिरीचा नाका. पलीकडून अलीकडं येताना जकातीचे शिपाई सगळं उलगडून बघायचे, आणि त्या चळवळीच्या दिवसांत वायर दिसली की त्यांना बाँबचे नाहीतर चोरट्या रेडिओचे संशय यायचे. मी तिनं माझी वळकटी सैलशी गाठ घालून बांधून टाकली. शिपायानं ती गाठ सोडली, वळकटी उलगडली, आतलं धोतर झटकलं, गुळाची ढेप हुंगली. काही सापडलं नाही. मला म्हणाला, "इतनी अच्छी रस्सी, और गाठ ऐसी?" आणि त्याच वायरीनं वळकटी स्वतःच्या हातानं आवळून, नीट गाठ मारून दिली. मला घाम फुटला. जकातीची भीती नव्हती हो. वायरीला आवळून गाठ मारली की आतली तार मोडते.

परंड्याला पोचलो तेव्हा मुक्कामाचा शेवटचा खेळ उरला होता. मी डाग देऊन दोन्ही टोकांना प्लग बसवले, वायर पडद्यापर्यंत ओढली आणि अंघोळीला गेलो. खेळाआधी मास्तर पुढं जाऊन बसले. तार छेडली आणि कर्ण्यातून पापड भाजल्यासारखी तडतड आली.

अण्णांनी इंजिनवाल्याला सांगितलं, सकाळच्या मोटारीत एक जागा धर. मास्तर पडद्याखालून माझ्याकडं बघत होते. मधे सगळ्या रिकाम्या सतरंज्या.

मी म्हटलं, "अण्णा, पब्लिक आत सोडायच्या आधी एकदा तपासू द्या."

मास्तर तार छेडत राहिले. मी गुडघ्यांवर बसलो आणि त्यांच्या पायापासून वायर बोटांत घेऊन वाकवत मागं निघालो. शिपायानं गाठ मारलेली जागा आली. माझा हात तिथं थांबला. वाकवली. सूर स्वच्छ. पुढं गेलो. तंबूच्या खांबाजवळ, इंजिनच्या बाजूला, सगळीकडं वायर निर्दोष. तडतड मात्र चालूच. शेवटी पत्र्याच्या खोलीत पोचलो, मशीनमधला प्लग हातात धरला आणि कर्ण्यात तोफा उडाल्या.

प्लग उपसून पाहिला. त्याच्या पितळी दांडीवर पांढरे पट्टे होते. आडवे, ठसठशीत.

उलगडा झाला. नवी वस्तू आली की अण्णा तिची पूजा केल्याशिवाय वापरू देत नसत. इंजिन, मशीन, तंबूचे खांब, सगळ्यांना विभूती लागलेली असायची. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात त्यांनी वायरीच्या टोकालाही आपल्या हातानं विभूती लावली होती. मास्तरांना घालवायला निघालेल्या माणसानं मास्तरांच्या वायरीसाठी देवाला साकडं घातलं होतं. आणि ती राख बरोबर तिथं बसली होती, जिथं पितळ पितळाला भेटतं.

आता प्रसंग बाका. अण्णा दाराशी उभे. त्यांच्यासमोर देवाची विभूती फडक्यानं पुसायची म्हणजे मोटारीत मास्तरांच्या शेजारची जागा माझ्यासाठीच धरायला हवी. आणि नाही पुसली तर सकाळी मास्तर जाणार. मी प्लग दोन्ही हातांत घेतला, डोक्याला लावला, डोळे मिटले आणि अंगठ्यानं ती विभूती अगदी शेवटच्या कणापर्यंत काढून माझ्या कपाळावर आडवी ओढली. आयुष्यात इतक्या मनापासून मी कधी विभूती लावली नसेल. डोळे उघडले तर अण्णांचे डोळे पाणावलेले.

प्लग आत सरकवला.

शांतता. पूर्ण, गुळगुळीत शांतता. चांगल्या वायरीची खरी खूण तीच. आधी काहीच ऐकू येत नाही. मग त्या शांततेतून मास्तरांचा पहिला सूर आला, आणि अण्णा कानडीत देवाला काहीतरी म्हणाले. रागावले नसताना मी त्यांचं कानडी पहिल्यांदाच ऐकलं.

मास्तर राहिले. पण आता ते पडद्याखाली आणि मी पत्र्याच्या खोलीत. मधे पुन्हा पाठी. मास्तरांनी त्यावर युक्ती काढली. खेळ सुरू होण्याआधी, पब्लिकचा गलका चालू असताना, ते गिटारीवर बोटानं हलकेच टिचकी मारायचे. कर्ण्यातून 'टक्' व्हायचं. पब्लिकला वाटे, मशीन तापतंय. तो माझ्यासाठीचा नमस्कार असायचा. मी मशीनची झडप उघडून पडद्यावर क्षणभर उजेड टाकायचो. तो माझा. शेकडो माणसांच्या डोक्यावरून आमच्या गप्पा चालत आणि कुणाला पत्ता नसे. चहा हवा असेल तर 'टक्-टक्'.

पण पुढं बसलेला माणूस सगळ्यांनाच दिसतो. सोलापूरच्या एका थिएटरवाल्यानं धाराशिवच्या मुक्कामात त्यांना पाहिलं आणि बोलावणं धाडलं. पक्क्या इमारतीचं थिएटर, राहायला खोली. मास्तरांचा पाय निघेना. मीच म्हटलं, जा. वायर तंबूची होती, पण अण्णाही म्हणाले, मास्तर, घेऊन जा. मास्तरांनी ती नीट गोल गुंडाळून माझ्या हातात दिली.

"वहाँ छोटी चल जाएगी, दत्तूभाई. वहाँ मशीन बाजूमेंच है।"

त्यांना येडशीच्या गाडीत बसवून मी संध्याकाळच्या खेळाला परतलो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी वायर पडद्यापर्यंत ओढली. हाताची सवय. पहिलं रीळ संपलं, बत्त्या लागल्या, आणि त्याच सवयीनं मी मशीनची कळ गिटारीकडं फिरवली.

कर्ण्यातून बारीक घुंई आली. वायर कितीही चांगली असो, तिच्या पलीकडच्या टोकाला काही जोडलेलं नसलं की ती गुणगुणायला लागते. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे. पब्लिकला माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "गप बसा रं, मास्तरनी सूर धरला." तंबू शांत झाला. सगळ्या पाठी ताठ झाल्या, पडद्याखालच्या रिकाम्या स्टुलाकडं बघत वाट पाहू लागल्या.

मी झडप उघडून पडद्यावर उजेड टाकला. घुंई तशीच राहिली. मग मी रीळ चढवायला घेतलं, आणि ते चढेपर्यंत कळ मात्र तशीच ठेवली.

पुढं राज्य बदललं, तंबू विकला गेला. सोलापूरला मी एकदा जाऊन आलो. थिएटर होतं, मास्तर मद्रासकडं गेले असं डोअरकीपर म्हणाला. बहिणीचं उत्तर आलं असावं, असं मी धरून चाललोय. ती काळी वायर माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. विकायची नाही. तिची गाठ पडलेली जागा मला अजून डोळे मिटून सापडते.

तर वायर घ्यायला याल तेव्हा सोबत कुणाला तरी आणा. आणि कुणी नसेलच आणायला, तरीही या. दुकानात मशीन आहे, माईक आहे. तुम्ही वायर वाकवत चला, त्या टोकाला मी बसतो.